चार नंबरचे बूट

मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षात साठ मुलगे आणि एक मुलगी, म्हणून पोरांनी तिचं नाव 'एकुलती' पाडलं होतं. वर्कशॉपचा नियम साधा होता: पायात लोखंडी टोकाचे बूट नसतील तर आत पाऊल नाही. मास्तर तो मोडू देत नसत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. तरुणपणी घसरलेल्या एका ठोकळ्याने त्यांच्या पायाचा अंगठा नेला होता. पण स्टोअरमधले बूट सात नंबरपासून सुरू होत, आणि एकुलतीचा पाय चार नंबरचा. बाहेरच्या दुकानांतही तीच रड. पास होऊन गेलेल्या एका ताईच्या जुन्या बुटांवर तिने वर्षभर झकास लेथ चालवला, मग त्यांचा तळ सुटला. तेव्हापासून ती दाराबाहेर स्टुलावर बसून खिडकीतून दुसऱ्यांचे लेथ बघत होती.

तिने 'विद्यार्थिनी प्रोत्साहन समिती'कडे अर्ज केला. समितीत सात सर होते आणि एक मॅडम. मॅडमकडे चहा सांगायचं काम होतं. स्टोअरकीपर म्हणाला, "वीस जोडांखाली ऑर्डर जात नाही. एकोणीस मैत्रिणी घेऊन ये." समितीला ही कल्पना भलतीच आवडली. लगेच 'एकोणीस मुली हव्यात' असं अभियान निघालं. पोस्टरवर एकुलती लेथजवळ दिसायला हवी होती, पण तिला आत सोडता येईना. म्हणून लेथचाच मोठा फोटो छापून दाराबाहेर तिच्यामागे टांगला.

मुली काही आल्या नाहीत. नमुन्याचा एक जोड मात्र आला, चार नंबरचा. समितीने तो प्रवेशद्वारातल्या काचेच्या कपाटात ठेवला, खाली पितळी पाटी ठोकली: 'आमच्या लेकींचं पहिलं पाऊल'. फीत कापली गेली, भाषणं झाली, आभार एकुलतीने मानले.

"सर, मग बूट कधी मिळतील?" तिने हळूच विचारलं.

"अगं, ते प्रतीक आहे," प्राचार्य म्हणाले. "घातलेस तर झिजतील ना!"

शुक्रवारी लेथची परीक्षा होती. गैरहजर राहिली तर वर्ष बुडणार होतं. कपाटाची किल्ली प्राचार्यांकडे, आणि प्राचार्य परगावी, मुलींच्या तंत्रशिक्षणावर व्याख्यान द्यायला. एकुलती कपाटासमोर उभी राहून ढसाढसा रडली.

"रडतेस काय?" फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या. त्यांनी कमरेची किल्ली काढली. "काच आतून कोण पुसतं, तुझे सर? घाल पटकन."

"पण मावशी, कपाट रिकामं दिसेल. तुमच्यावर येईल."

दोघींनी एकदमच तिच्या चपलांकडे पाहिलं.

वर्कशॉपच्या दारात मास्तरांनी आधी तिच्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. "मशीन तीन," एवढंच म्हणाले. दोन तासांनी त्यांनी तिने लेथवर कातलेला दांडा मोजला, उलटा करून पुन्हा मोजला. "बरोबर आहे," ते म्हणाले आणि उगाचच चष्मा पुसत बसले. एकुलतीला इतका आनंद झाला की तिला हात धुवायचंही भान राहिलं नाही.

सोमवारी पाहुणे आले. समिती त्यांना घेऊन कपाटापुढे उभी राहिली. काचेआड चपलांचा जोड होता, एकीचा पट्टा काळ्या दोऱ्याने शिवलेला.

"केवढ्या झिजल्यात हो!" पाहुणे हळहळले. "काय कष्ट घेतले असतील पोरीने!"

प्राचार्यांनी मान डोलावली. आठही सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला.

बूट घालूनच घरी येणाऱ्या लेकीला आईने आठवडाभराने विचारलं, "तुझ्या चपला गं कुठे गेल्या?"

"त्यांचा सत्कार झाला, आई," एकुलती म्हणाली आणि नाड्या सोडायला खाली बसली.