बापाच्या कुंड्या

आमच्या शेजारणीचं आणि तिच्या नणंदेचं सख्य असं, की दोघी एकमेकींकडे बघायच्या तेव्हा मधे ठेवलेलं दूध नासायचं.

सासरे गेले, मागे मातीच्या कुंड्या उरल्या. शेवाळलेल्या, काठावर क्षारांचा पांढरा थर इतका गुळगुळीत की मुंग्या घसरून पाय मोडून घ्यायच्या. तेव्हा नणंदेनं नाक मुरडलं होतं. शेजारणीनं त्या व्हिनेगरच्या पाण्यात भिजवल्या, तारेच्या ब्रशानं घासल्या, स्वतःची नखं झिजवली. कुंड्या लालबुंद झाल्या आणि लगेच नणंदेला बाप आठवला. टेम्पो घेऊन येते, चांगल्या तेवढ्या नेते, तडकलेल्या तूच ठेव, असा निरोप आला.

कुंडी टिचकी मारून ओळखतात. चांगली खणखणते, तडकलेली बद्द वाजते. पण पाणी प्यायलेली कुंडीही बद्दच वाजते, हे घासणारीलाच ठाऊक. शेजारणीनं सगळ्या हौदात बुडवल्या आणि टेम्पो दिसल्यावर बाहेर काढल्या.

नणंदेनं टिचकी मारली. बद्द. पुढची, बद्द. ओल्या का म्हणून विचारलं, तर तुम्ही येणार म्हणून आत्ताच धुतल्या, असं उत्तर.

"सगळ्याच तडकल्या? माझ्या बापाच्या वस्तूंची पार वाट लावलीस, वहिनी."

"जुन्या वस्तू, वन्सं. तडकायच्याच. राहू दे माझ्याकडे."

"राहू कशाला? झाडांच्या तळाशी घालायला खापऱ्या करू." नणंदेनं हौदाजवळ पडलेली हातोडी उचलली.

शेजारीण एक शब्द बोलली असती तर कुंड्या वाचल्या असत्या, पण टेम्पोत गेल्या असत्या. तिनं शब्द गिळला. पहिली फुटली.

"नीट फोडा," ती म्हणाली, "मोठे तुकडे राहतात."

मग इरेला पेटून तिनंच हातोडी ओढली. एक हिनं, एक तिनं. त्या आवाजानं उडालेली कबुतरं अजून परतली नाहीत, ड्रायव्हर तर टेम्पो सोडून पळाला.

शेवटची उरली तेव्हा घरधनी चहाचा कप घेऊन बाहेर आला, कुंडी पालथी घातली आणि तिच्यावर बसला. ऊठ, म्हणाली बहीण. उठा, म्हणाली बायको. पण उठला की दोघींतली एक ती उचलणार, नाहीतर दुसरी फोडणार.

आजतागायत तो उठलेला नाही, नणंदही घरी गेलेली नाही. ताट तिथेच जातं, आणि ते कोणी न्यायचं यावरून दोघींची सध्या जुंपली आहे.