तांबडा गाळ

हॅरिएटने क्लिफर्डचे बूट उचलले, उलटे केले आणि तळव्यावरून नख फिरवलं. मागच्या तळ्याचा तांबडा गाळ तिला हवा होता. नखात आला तो नुसता लाकडाचा भुसा. आत हात घालून पाहिलं, तर आतूनही बूट कोरडे ठणठणीत. मेल्याने पुसून ठेवले असणार, असं ती मनाशी म्हणाली.

सकाळी वारा मुळीच नव्हता. अशा दिवशी जेम्स उपसागराकाठी शहाणा माणूस बंदुकीला हात लावत नाही. आवाज पाण्यावरून लांबवर जातो आणि रानहंस पुन्हा त्या वाटेला फिरकत नाहीत. त्यातून मागचं तळं तिच्या नवऱ्याने, एलायजाने, राखून ठेवलं होतं. कुठे दबा धरायचा, कोणत्या तळ्याला विसावा द्यायचा, हे ठरवायचा मान त्याचा; तो शिकारीचा म्होरक्या. यंदा बर्फ लवकर वितळला आणि थवे उंचावरून परस्पर निघून गेले. तीन कुटुंबं माशांवर दिवस काढत होती. जे थोडे हंस उतरले, ते त्या तळ्यावरच. वारा सुटला की तिथे बसायचं ठरलं होतं, आणि आज उजाडताच तिकडून दोन बार झाले. थवा ओरडत डोक्यावरून गेला तो गेलाच.

तेव्हा छावणीबाहेर दोघेच होते. एलायजा जाळं बघायला गेला होता, क्लिफर्ड लाकडं कापायला. क्लिफर्ड तिच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. शहरातून नवी कोरी बंदूक घेऊन आलेला, आणि जिभेला हाड नसलेला. सगळ्यांची बोटं त्याच्याकडेच वळली. संध्याकाळी एलायजा निकाल देणार होता. त्याने एकदा घरी धाडलं की पुढे कुणी क्लिफर्डला शिकारीला सोबत घेणार नव्हतं.

तिने त्याला सरपणाजवळ गाठलं.

"खरं सांग, तूच ना?"

"मावशी, तू पण?" एरवी टवाळी करणारा क्लिफर्ड हसला नाही. "सांगून काय उपयोग? मी पडलो शहरातला."

ती चरफडत तंबूत परतली. चहाला आधण ठेवायचं म्हणून शेगडीमागचं लाकूड ओढलं, तर त्याच्या आड नवऱ्याचे बूट. घोट्यापर्यंत तांबडे.

हॅरिएट तिथेच अंथरलेल्या डहाळ्यांवर बसली. या हंगामात त्याचा एकही नेम लागला नव्हता. दर वेळी दोष वाऱ्याचा. परवा तर त्याने पेल्याच्या बाहेरच चहा ओतला होता, आणि ती हसली होती. कुणी बघायला नसताना डोळे शाबूत आहेत का, एवढंच त्याला पाहायचं असणार. तिला राग आला. रागाहून जास्त त्याची कीव आली.

तिने फडकं भिजवलं, पिळलं, बूट मांडीवर घेतला. पण "तू पण?" हे शब्द काही कानातून जाईनात. तिने फडकं बाजूला ठेवलं.

संध्याकाळी सगळे शेकोटीभोवती जमले. एलायजाने घसा खाकरला.

"क्लिफर्ड, उद्या सकाळी तू..."

हॅरिएट तंबूतून बाहेर आली आणि तिने बूट नवऱ्याच्या पायाशी, जाळाजवळ ठेवले.

"ओले राहिलेत तुमचे," ती म्हणाली.

शेजारच्यांनी बुटांकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. एलायजाने एक बूट उचलून डोळ्यांजवळ नेला.

"उद्या सकाळी तू सांग," तो क्लिफर्डला म्हणाला. "कुठे बसायचं ते."

क्लिफर्डने मावशीकडे पाहिलं. मग ओलं बोट हवेत धरलं.

"वारा सुटू दे आधी, काका."

हॅरिएटने चहा ओतला. नवऱ्याचा पेला तिने त्याच्या हातात दिला, आणि त्याची बोटं नीट मिटेपर्यंत सोडला नाही.