फोटोतली यमाची दारं

गुरुवार उजाडला की पहूरच्या नदीकाठी छायानाथ महाराजांच्या मठापुढं पाय ठेवायला जागा उरत नसे. जामनेरहून रिक्षा भरभरून बाया येत, कापूस वेचणीला खाडा करून मजूर येत आणि प्रत्येकाच्या मुठीत मोबाइल असे. महाराजांना नारळ नको असे, फोटो हवा असे. आजारी माणसाचा फोटो त्यांच्या नंबरवर पाठवायचा. महाराज त्यात भस्म भरून तो परत पाठवत. पुढच्या गुरुवारी तोच भस्माचा फोटो पुन्हा त्यांना पाठवायचा; पहिला पाठवला तर मंत्र तुटतो, असा दंडक. मग पडद्यामागं बसलेला चेला तोताराम त्याची मोठी प्रत छापून आणी आणि महाराज त्यावर मोरपीस फिरवून माणसाचं मरण वाचून दाखवत. देव पूर्वी अंगात यायचा, आता प्रिंटरमधून यायला लागला होता, एवढाच काय तो विकास.

त्या गर्दीत बेबाबाई पुढच्या रांगेत उभी होती. तिची सून मोहिनी पोटुशी होती, आठवा महिना सरत आलेला. बेबाबाईला पोटची मुलगी नव्हती, म्हणून सगळी माया तिनं या सुनेवर ओतलेली. डोहाळजेवणाच्या दिवशी दारापुढं दोघींचा फोटो काढला होता: हिरव्या साडीतली मोहिनी आणि शेजारी ओटीचं ताट घेतलेली सासू. तोच तिनं महाराजांना पाठवला. पोरीचं डोकं दुखतं, पायावर सूज आहे, एवढंच विचारायचं होतं. पण पहिल्या खेपेला तळहाताएवढी प्रत निघाली, तिच्यात मोहिनीचा गाल जरा पुसट दिसला. दुसऱ्या खेपेला वहीच्या पानाएवढ्या कागदावर डोळ्यांभोवती डाग दिसले. आणि आज तोतारामनं माणसाच्या उंचीचा फ्लेक्सच उलगडला.

गर्दीतून "अगं माय!" असा एकच सूर निघाला. मोहिनीच्या चेहऱ्याच्या जागी करड्या-पिवळ्या चौकोनांची रास होती आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे.

महाराज मूळचे नरडाण्याकडचे, बोली अहिराणी. त्यांनी मोरपिसाचं टोक नेमकं त्या चेहऱ्यावर टेकवलं आणि आवाज खोल केला. "माय, हाऊ चौकोन देखस ना? हाऊ यमना दरवाजा शे. मागला गुरुवारले मिटेल व्हता. आते बठ्ठा दरवाजा उघडी रायनात."

बेबाबाईनं पदर पसरला. "मंग मी काय करू, महाराज?"

"चेहरा साफ व्हस नही तोपावत तिले गावनी शीव वलांडू देऊ नको. दवाखानाना नाव काढू नको. जी गाडी तिले लई जाई, ती रिकामीच परत येई. आनि ध्यानमा ठेव, पहिले तिना डोळा जातीन."

डोळ्यांचं ऐकून बेबाबाईनं महाराजांचे पाय धरले. मोहिनीच्या डोळ्यांपुढं खरंच अंधारी येत होती. महाराजांना हे कसं कळलं? कळायला काय झालं होतं! सकाळी रांगेत तोतारामनं "अक्का, पोरीला आणखी काय होतं?" असं गोडीगुलाबीनं विचारलं होतं आणि तिनंच ते सांगितलं होतं. पण भ्यालेला माणूस आपणच सांगितलेलं विसरतो. महाराजांचं दुकान त्या विसरण्यावर चालायचं.

बेबाबाई घरी आली तशी मोहिनी खाटेवर उठून बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, मले तुमचं तोंड धूसर दिसतंय."

बेबाबाईची पाचावर धारण बसली. तिनं फ्लेक्सची गुंडाळी दारामागं लपवली, पण घरात कुठंही गेलं तरी ते दोन काळे खड्डे आपल्याकडं बघताहेत असं तिला वाटत राहिलं. मुलगा हेमराज केळीच्या बागेतून आला आणि म्हणाला, "माय, हिले जळगावले नेतो." तशी ती उंबऱ्यात आडवी बसली. "माह्या मढ्यावरून ने तिले! रिकामी गाडी पाहायची हाय का तुले?" हेमराज तिथंच थबकला. आईचं मन मोडायचं धाडस त्याला झालं नाही आणि खरं सांगायचं तर तोही मनातून भ्यालाच होता. मोहिनी डोक्याला फडकं बांधून भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर विधी जैन स्वतः दारात आल्या. मोहिनी तपासणीला आली नाही म्हणून त्या चौकशीला आल्या होत्या. त्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, पुन्हा एकदा मोजला आणि हेमराजला म्हणाल्या, "ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. रक्तदाब भयंकर वाढलाय. आई आणि बाळ दोघांनाही धोका आहे."

"नही!" बेबाबाई किंचाळली. तिनं दारामागचा फ्लेक्स ओढून डॉक्टरांपुढं पसरला आणि ती पुन्हा उंबऱ्यात आडवी बसली. "हे पाहा! यमाची दारं उघडली हायेत. शीव वलांडली की पोरगी गेली!"

डॉक्टर चिडल्या नाहीत. एकीकडं हेमराजचा फोन चालू होता, तोवर त्या फ्लेक्सवर वाकल्या. "मावशी, मोहिनीच्या शेजारी ही कोण?"

"मी."

"मग तुमचं नाक कुठं गेलं?"

बेबाबाई फ्लेक्सवर वाकली. महाराजांचं मोरपीस जिथं टेकलं तिथंच सगळ्या गावानं पाहिलं होतं, तिनंही. आता पाहिलं तर तिच्या स्वतःच्या तोंडावरही तेच चौकोन होते. ओटीच्या ताटातला नारळ कुठला आणि खण कुठला ते कळत नव्हतं. आणि मागं दारावर तिच्या नवऱ्यानं, बन्सीलालनं, हयात असताना हौसेनं रंगवून घेतलेलं नाव लाल चिखल झालं होतं.

"यम मोहिनीला न्यायला आला असेल तर तो नारळ आणि दारावरचं नाव कशाला खाईल?" डॉक्टर म्हणाल्या. "हेमराजभाऊ, मूळ फोटो आहे का तुमच्या मोबाइलमध्ये?"

होता. त्यांनी तो बोटांनी मोठा करून बेबाबाईच्या हातात दिला. मोहिनीच्या नाकातली चमकी दिसत होती, दारावरच्या नावाचा प्रत्येक फराटा दिसत होता.

"तुम्ही फोटो पाठवता तेव्हा मोबाइल तो दाबून लहान करून पाठवतो. तोताराम त्यावर भस्म रंगवतो आणि मुद्दाम हलक्या दर्जात साठवतो; दवाखान्यात येणाऱ्या बायांच्या मोबाइलवर असे कितीतरी फोटो मी पाहिलेत. तोच तुम्ही परत पाठवता, तो पुन्हा दाबला जातो. दर खेपेला थोडा तपशील जातो आणि गेलेला परत येत नाही. ताकात रोज पाणी घालत गेलं तर काय होईल? वर दर वेळी प्रत आधीपेक्षा मोठी. इवल्याशा फोटोला माणसाएवढं ताणलं की त्याचे ठिपके चौकोन होऊन दिसणारच. मूळ फोटो न दाबता दिला असता तर एवढ्याच फ्लेक्सवर हिचा चेहरा कितीतरी स्वच्छ आला असता."

मग त्यांनी मोहिनीचा हात हातात घेतला. "फोटो धूसर झाला ते सोंग आहे, मावशी. हिला धूसर दिसतंय तो आजार आहे. तुम्ही सोंग सांभाळत बसलात."

बेबाबाई उंबऱ्यातून उठली.

रुग्णवाहिकेनं गावची शीव ओलांडली तेव्हा तिनं डोळे घट्ट मिटले होते. पुढं रस्त्यातच मोहिनीला झटके आले. दात आवळलेले, डोळे फिरलेले. डॉक्टर इंजेक्शन देत होत्या आणि बेबाबाईच्या कानात एकच वाक्य घुमत होतं, रिकामीच परत येई. जळगावला शस्त्रक्रिया झाली. मोहिनी वाचली. पोटातला मुलगा मात्र आधीच गेलेला होता. "थोडं आधी आणायला हवं होतं," तिथले डॉक्टर म्हणाले. त्यांनी कोणाला दोष दिला नाही, आणि बेबाबाईला तेच सोसवेना.

गावात मात्र महाराजांची चांदी झाली. "शीव वलांडली, घ्या! सांगतलं व्हतं महाराजांनी," असं पारावर, गिरणीत, नळावर सगळे बोलू लागले. पुढच्या गुरुवारी मठापुढं दुप्पट गर्दी लोटली. ते ऐकून बेबाबाईचं रडणं थांबलं. तिनं हेमराजला बोलावून एक काम सांगितलं.

त्यापुढच्या गुरुवारी ती मठात गेली. हातात फ्लेक्सची गुंडाळी होती. "महाराज, माह्या ओळखीचा एक माणूस हाय. त्याच्या फोटोवर भस्म घालून, तुमच्याच रीतीनं तो फिरवला. जरा वाचा."

तिनं वरचा अर्धा भागच उलगडला. चौकोनांची रास, मधे दोन खड्डे. महाराजांनी मोरपीस टेकवलं, डोळे मिटले.

"हाऊ महापापी शे. यमना बठ्ठा दरवाजा उघडा शेतस. हाऊ माणूस अमावस देखाव नही!"

बेबाबाईनं खालचा अर्धा भाग सोडला. तिथं तोच फोटो होता, मूळचा, न दाबलेला. भगवा फेटा, सोन्याचा दात आणि हसणारे साक्षात छायानाथ महाराज.

मग मागून एक बाई फिसकन हसली आणि महाराज "नास्तिक! चांडाळीन!" म्हणत उठले. तोवर हेमराजनं पडदा ओढला होता. तोताराम संगणकापुढं बसलेला सापडला. समोरच्या स्क्रीनवर एका लहान मुलीचा फोटो होता आणि तिचा चेहरा निम्मा पुसून झालेला होता.

बेबाबाई गर्दीकडं वळली. "बायांनो, फोटो जपायचा तर मूळचा तसाच ठेवा. रंगरंगोटी करायची ती दुसऱ्या प्रतीवर करा. छापायले मूळचाच द्या. एवढंच शास्त्र हाय त्याचं. बिघडला तर त्यात मरण वाचू नका, त्यात कोणाचा जीव नसतो. जीव घरात खाटेवर असतो. डोकं दुखतं, दिसत नही, असं तो सोताच्या तोंडानं सांगत असतो. माही सून सांगत व्हती. मी तिच्याकडं पाहिलंच नही, फोटोकडं पाहत बसली. शीव वलांडली म्हणून माहा नातू नही गेला. उशिरा वलांडली म्हणून गेला. माह्या घरात सुनेचे ढीगभर फोटो हायेत. नातवाचा एकही नही."

रांगेत एक म्हातारी तापानं फणफणलेल्या नातीला कडेवर घेऊन उभी होती. तिनं हातातला मोबाइल कमरेला खोचला, पोरीच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि ती सरकारी दवाखान्याच्या वाटेला लागली.