पिवळी रेघ

लिफ्टवर चढवलेल्या गाडीचं मागचं डावं चाक ब्रेकवाल्याने हाताने फिरवून पाहिलं. अर्धी फेरी झाली आणि ते करकरत अडकलं. तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "आतला पॅड धरलाय. उघडून बघायचीसुद्धा गरज नाही."

ब्रेकवाल्याचा हात चाकावरच राहिला. अकरा वर्षांत हा आवाज त्याच्या कानावर पडला नव्हता, आणि तो आठवला नाही असा एक दिवस गेला नव्हता. तो सावकाश वळला. फोरमनच होता. डोक्यावरचे केस पार गेलेले, हातात काठी, पण हनुवटी तशीच वर. शेजारी त्याची मुलगी उभी होती. गाडी तिची.

"हे माझे बाबा," ती म्हणाली. "मोठ्या वर्कशॉपात फोरमन होते. त्यांना गप्प बसवत नाही, तुम्ही मनावर घेऊ नका दादा."

फोरमनने त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि पुन्हा चाकाकडे बघायला लागला. ओळखलंच नव्हतं. ढोंग करत असता तर ब्रेकवाल्याला एक वेळ बरं वाटलं असतं. ज्याने आपल्या आयुष्याची माती केली त्याला आपला चेहराही आठवू नये? त्याच्या लेखी इतकं किरकोळ काम होतं ते!

ते काम काय, हे आधी सांगायला हवं. मोठ्या वर्कशॉपात प्रत्येक मेकॅनिकचा एक रंग असे. बोल्ट टॉर्क पान्याने कसायचा, ठरलेला जोर लागून पाना टक्कन वाजला की बोल्टवर आपल्या रंगाची रेघ ओढायची. सगळ्या रेघा बघितल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर सोडायची नाही, ही जबाबदारी फोरमनची. ब्रेकवाल्याचा रंग पिवळा. त्या दिवशी एका गाडीच्या ब्रेकचे बोल्ट त्याने नुसते हाताने फिरवून ठेवले आणि तो पाना आणायला गेला. परत येऊन बघतो तर गाडी जागेवर नाही. गिऱ्हाईक बडं आणि घाईत होतं, फोरमनने परस्पर चाकं चढवून घेऊन किल्ली देऊन टाकली होती. तासाभरात गाडी दुभाजकावर आदळली. चालवणाऱ्या बाईंचा गुडघा कायमचा गेला.

ओढून आणलेल्या गाडीपाशी सगळ्यांत आधी पोचला तो फोरमन. आणि चौकशीच्या वेळी बघावं तर सैल बोल्टवर पिवळी रेघ! मग काय, फोरमनने रेघ बघून गाडी सोडली, त्यात त्याचं काय चुकलं? हरामखोर ठरला तो न कसता रेघ ओढणारा मेकॅनिक. फोरमनच्या अंगठ्याच्या नखात पिवळा रंग होता, तो एकट्या ब्रेकवाल्याला दिसला. त्याने तसं सांगितलंही, पण ऐकतो कोण.

नोकरी गेली त्याचं त्याला एवढं वाटलं नाही. जिव्हारी लागलं ते वेगळंच. त्याच वर्कशॉपात त्याचे वडील स्टोअर सांभाळायचे, पोराला त्यांनीच तिथे चिकटवलं होतं. घरी ते एक अक्षर बोलले नाहीत. फक्त त्यांची स्कूटर, जिला पोराशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत, ती ब्रेक करायला त्यांनी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. मग दर वेळी तिकडेच नेत राहिले. पाच वर्षं पोराने हे मूग गिळून बघितलं, आणि मग वडील गेले. स्कूटर आता गॅरेजच्या मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली उभी होती. तिला त्याने अजून हात लावला नव्हता.

हे गॅरेज त्याने फक्त ब्रेकचं काढलं. रेघ पांढरी ओढायचा. पण ड्रॉवरमध्ये पिवळ्या रंगाची एक छोटी बाटली कायम असे. न वापरताच वाळली की तो ती टाकून नवी आणायचा. बायको म्हणायची, हा डूख धरून मिळणार काय तुम्हाला? तो म्हणायचा, मिळेल. आणि आज ते आपल्या पायांनी चालत दारात आलं होतं.

त्याने चारही चाकं उतरवली. मागचा पॅड त्याच्या खाचेत गंजाने घट्ट धरला होता आणि ब्रेकच्या चकतीवर बोट अडकेल अशा चऱ्या पडल्या होत्या. मुलीला नवल वाटलं. गाडी तीन वर्षांचीच, आणि ब्रेक ती फारसा दाबतही नव्हती. ब्रेकवाल्याने तिला समजावलं की दुखणं तेच आहे. विजेच्या गाडीत पाय उचलला की मोटरच वेग आवरते, चकतीला काम उरत नाही, आणि बसून राहिली की ती गंजते. पुढच्या चकत्या साफ करून चालतील, मागच्या मात्र बदलाव्या लागतील.

"काही बदलायला नको," फोरमन म्हणाला. "घासून घ्या. वर्षभर मरत नाहीत."

ब्रेकवाल्याने जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला आणि आकडा मुलीपुढे धरला. चकतीच्या कडेला कारखान्याने कोरलेल्या कमीत कमी जाडीपेक्षा तो खाली होता. मुलगी लगेच म्हणाली, बदलाच. रोज डोंगराचा उतार उतरून तिला लेकीला शाळेत सोडावं लागायचं. फोरमनने काठी आपटली आणि तो बाकावर जाऊन बसला.

लॅपटॉप लावून त्याने आधी मागचा पार्किंग ब्रेक मोकळा करून घेतला. चकती जिथे टेकते तो भाग तारेच्या ब्रशने लख्ख केला, नव्या चकत्या चढवल्या, नवे पॅड बसवले. पुढच्या चकत्या साफ करून तिथले बोल्ट कसले आणि पांढऱ्या रेघा ओढल्या. मग मागचे बोल्ट. ते त्याने हाताने फिरवून ठेवले, अगदी त्या दिवशीसारखे, आणि तो थांबला. एवढंच. आता फक्त रेघ ओढायची आणि किल्ली द्यायची. उतारावर काय व्हायचं ते होईल, आणि मग त्या म्हाताऱ्याला कळेल सैल बोल्ट म्हणजे काय. त्याने मान वर केली तर काचेतून मागच्या सीटवरची लहान मुलीची खुर्ची दिसली. पट्ट्याला कापडी ससा बांधलेला.

स्वतःलाच एक कचकचीत शिवी हासडून त्याने पाना उचलला. टक्. चारही बोल्टांना पाना वाजला. मग त्याने ड्रॉवर उघडला, पांढरी बाटली बाजूला सारली आणि पिवळी घेतली. चाकं चढवायच्या आधी त्याने फोरमनला हाक मारली.

"साहेब, तुम्ही फोरमन. सोडण्याआधी तुम्हीच तपासा."

म्हातारा खुशीत आला. काठी टेकत, बॅटरी घेऊन आला. पुढच्या चाकांच्या पांढऱ्या रेघा बघून मान डोलावली, मग मागे वळला. बॅटरीचा झोत पिवळ्या रेघेवर पडला आणि तिथेच थांबला. फोरमनने वर बघितलं. या वेळी त्याने चेहरा नीट पाहिला.

"तू आहेस," तो म्हणाला.

"हो साहेब."

"कसलेत ना रे?" आवाज अगदी खाली गेला होता.

"रेघ आहे की. रेघ असली म्हणजे बोल्ट कसलेला. चौकशीत तुम्हीच सांगितलंत."

मुलगी घड्याळ बघत जवळ आली. शाळा सुटायला अर्धाच तास होता. झालं ना बाबा, चाकं लावू द्या त्यांना, असं ती म्हणाली.

"थांब. ही गाडी न्यायची नाही."

"का? रेघा नाहीत?"

"आहेत."

"मग?"

ब्रेकवाला फडक्याला हात पुसत राहिला. या घटकेला आपण काय काय सुनवायचं ते त्याने अकरा वर्षं घोकलं होतं. आता एक शब्दही लागत नव्हता.

"रेघेचं काही खरं नसतं," फोरमन म्हणाला. "न कसताही ओढता येते. मागाहून दुसऱ्यालाही ओढता येते."

"असं कोण करेल, बाबा?"

म्हाताऱ्याने काठीवर दोन्ही हात ठेवले. "मी केलं होतं. त्या बाईंच्या अपघाताच्या वेळी. यानं बोल्ट कसलेच नव्हते, कारण गाडी मीच आधी सोडली होती. मग याच्या रंगाने रेघ ओढली."

मुलगी बापाकडे वळली. "मी कॉलेजला होते तेव्हा," ती म्हणाली, "अभ्यास न करता झाला म्हटलं की तुम्ही म्हणायचात, पिवळी रेघ ओढू नकोस. मी माझ्या पोरीलाही तेच म्हणते."

म्हणजे त्या घरात आपला रंग रोज असा वापरात होता! ब्रेकवाल्याने पाना उचलून फोरमनच्या हातात कोंबला. "घ्या. स्वतः कसून बघा."

पहिल्या बोल्टला पाना लावायला फोरमनला तीनदा प्रयत्न करावा लागला. टक्. बोल्ट तसूभरही हलला नाही. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे तसेच. त्याने पाना छातीशी धरला.

"कसलेले आहेत," तो म्हणाला.

"मी कसतोच, साहेब. तेव्हाही कसले असते."

फोरमन काहीतरी पुटपुटला, माफी असेल बहुतेक. ब्रेकवाल्याने ऐकूनच घेतली नाही. ती त्याने घरी नेऊन मुलीला द्यावी. त्याने चाकं चढवली, गाडी खाली घेतली आणि मुलीला सांगितलं की पहिले काही दिवस मोटरने वेग आवरण्याचं सेटिंग कमी ठेवा आणि ब्रेक मुद्दाम, हळूहळू दाबत जा, म्हणजे नवे पॅड चकतीवर नीट बसतील. पुढेही आठवड्यातून एकदा चकतीला काम द्या. तिने सगळं ऐकून घेतलं. फोरमन पुढचं दार उघडायला गेला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मागे बसा, बाबा." म्हातारा मागे, त्या लहान खुर्चीशेजारी अंग चोरून बसला. विजेची गाडी, गेली तरी आवाज नाही.

उट्टं निघालं होतं. व्याजासकट. ब्रेकवाल्याने हात धुतले, पाणी प्यायला, पुन्हा हात धुतले. कुणाला तरी सांगायला हवं होतं. बायकोला फोन लावायला म्हणून त्याने मोबाइल काढला आणि तसाच ठेवून दिला. हे ज्यांच्या कानावर घालायचं होतं ते सहा वर्षांपूर्वीच गेले होते.

तो मागच्या भिंतीपाशी गेला आणि त्याने स्कूटरवरची ताडपत्री ओढून काढली. मागचं चाक काढलं, ब्रेक उघडला, आतली धूळ पुसली, सगळं परत बसवलं. शेवटी नट टॉर्क पान्याने कसला. टक्कन वाजल्यावरही त्याने पाना पुन्हा एकदा लावून बघितला. मग खिशातून पिवळी बाटली काढून नटावर एक सरळ रेघ ओढली, आणि ती वाळेपर्यंत तिथेच जमिनीवर बसून राहिला.