भंडाऱ्याचं रक्त

पाण्याचा टँकर आला तरी जत तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर जेवढी गर्दी होत नाही, तेवढी त्या दुपारी रंगुबाईच्या अंगणात झाली होती. मधोमध तिची सून अंकिता बसली होती, चुन्यासारखी पांढरी पडलेली. महिना उलटून गेला, तिच्या अंगावरून जायचं थांबत नव्हतं. कधी नुसता डाग, कधी उठवणार नाही इतकं. पाळीत बाहेर बसायची रीत. पाळीच संपेना, म्हणून ती मेंढरांच्या छपरात झोपत होती आणि लांबून सरकवलेल्या ताटलीत जेवत होती.

ऋषिराज महाराजांनी गळ्यात माइक अडकवला होता. पूर्वी ते कवठे महांकाळला बोअरच्या मोटारी विकायचे. मोटारी जळायला लागल्या, गिऱ्हाइकं दार ठोठावायला लागली, तेव्हा त्यांना साक्षात्कार झाला.

"तिघी हडळी बसल्यात हिच्या वटीत! रगत पित्यात!"

"पित्यात तर मग सांडतंय कशाला?" मी शेजारीण, मला कुणी विचारलं नव्हतं.

"पिणाऱ्याच्या तोंडातनं सांडतंच की, मावशी!"

लोक हसले. मला.

महाराजांनी अंकिताच्या तळहातांना भंडारा फासला आणि तांब्यातलं तीर्थ शिंपडलं. पिवळे हात बघता बघता रक्तासारखे लाल झाले. बायांनी किंकाळ्या फोडल्या.

"पटलं? आता पोटावर डाग द्या. त्याबिगर न्हाई निघायच्या."

विळा चुलीत तापत घातलेलाच होता. नवरा बिराप्पा तिचे दंड आवळून म्हणाला, "तुझ्याच भल्याचं हाय गं."

मी सकाळीच डॉक्टरांना फोन केला होता. दवाखान्यातल्या चंदना डॉक्टर स्कूटरवरून उतरल्या त्या थेट तांब्यापाशी. तीर्थ बोटांवर चोळून पाहिलं. मग "महाराज, आपल्यालाबी लाभू दे," म्हणत तीच ओली बोटं महाराजांच्या भंडारा भरल्या कपाळावर फिरवली. लाल ओघळ नाकावरून खाली पांढऱ्या सदऱ्यावर आला.

रंगुबाईची जाऊ तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बया! महाराज कवा बाहेरचं झालं?"

"शिवू नगा रं! छपरात न्या त्यास्नी!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"भंडारा म्हणजे हळद," डॉक्टर म्हणाल्या, "आणि हे चुन्याचं निवळ पाणी. हळदीला चुना लागला की लाल होतं. कुंकू कसं करतात, आठवतंय का कुणाला?"

म्हाताऱ्या बायांनी माना खाली घातल्या. महाराज माइक सावरत गर्दीतून सटकले. माइक चालूच होता, त्यामुळे त्यांची धाप पार रस्त्यापर्यंत ऐकू आली.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण विळा अजून चुलीतच होता.

"पाणी खोटं म्हणू," रंगुबाई म्हणाली. "सुनंचं रगत तर खरं हाय न्हवं? ते कशानं?"

"ते मी तिला एकटीला सांगेन."

"मग डाग देतोच आमी. इळा काय त्या महाराजाचा न्हाई."

बिराप्पाची पकड सुटली नव्हती. अंकितानं चुलीकडं पाहिलं.

"मी सुई घेतलीया. मूल न ऱ्हाण्याची, तीन महिन्यांची." तिनं बिराप्पाकडं मान वळवली. "दुसऱ्या पोरीच्या येळंला मरता मरता वाचले. मला वाटलं, देवानं त्याचीच शिक्षा दिली."

"शिक्षा कसली गं?" डॉक्टर तिच्याजवळ बसल्या. "त्या सुईनं सुरुवातीचे काही महिने पुष्कळजणींची पाळी बिघडते. पुढं बहुतेक थांबते. सुई देतानाच हे तुला सांगायला हवं होतं, ती चूक आमची. पण इतकं जात असेल तर अंगावर काढायचं नाही. तपासू, औषध देऊ. सुई नको वाटली तर दुसरा उपाय आहे."

बिराप्पानं हात काढून घेतले. तीन भुतांना धरून बसलेला गडी एका सुईला भ्याला.

रंगुबाईनं विळा ओढून राखेत फेकला. "यापरीस भूत परवडलं असतं. भूत काय नातू नको म्हणत न्हवतं."

या वेळी कुणी हसलं नाही.

अंकिता डॉक्टरांच्या स्कूटरवर बसून गेली. अंगात रक्त किती उतरलंय ते तपासलं, औषध घेतलं, संध्याकाळी परतली. तिचं अंथरूण छपरातच होतं.

बायांनो, सुई घ्या, गोळी घ्या, काही घेऊ नका; अंग तुमचं आहे. पण घेताना विचारा, पाळीचं काय होईल? जास्त गेलं, चक्कर आली, तर दवाखाना गाठा. आणि कुणाच्या सुनेचं अंथरूण बाहेर पडलं असेल, तर उचलून आत आणा. त्याला मंत्र लागत नाही. अंकिताचं मी आणलं, माझ्या घरात.