गावदेवीचा कौल आणि डावा कोपरा

हरिहर सर शाळेत गणित शिकवत आणि मैदानावर कबड्डी, पण दोन्हीकडे खरा भरवसा त्यांचा देवावर. डोंबिवलीच्या त्या शाळेत मुलींचा सराव शिट्टीनं सुरू व्हायचा नाही. आधी सर चपला काढून मैदानाला नमस्कार करायचे, मग शिट्टी कपाळाला लावायचे, आणि मग कुठे ती वाजायची. समोरच्या संघाची चढाई रंगात आली की कडेला उभ्या सरांचे ओठ हलू लागत. नव्या मुलींना जुन्या मुली समजावून सांगत, की नुसते ओठ हलताहेत तोवर काळजी नाही. सरांनी डोळे मिटले की मात्र आपण सगळ्या बाद.

यंदा संघ जिल्हा स्पर्धेत पोचला होता. रविवारी ठाण्याला सामना. सातपैकी सहा जणी ठरल्या होत्या, गाडी अडली होती डाव्या कोपऱ्यावर. कोपऱ्यातल्या मुलीचं काम म्हणजे चढाईला आलेलीचा घोटा धरायचा आणि सोडायचा नाही. त्या एका जागेवर दोघींचा डोळा. एक नववीतली दिशा, जुन्या गावातली. तिच्या हातात सापडलेला पाय मालकिणीला लवकर परत मिळत नसे. दुसरी ऋजुता. चपळ, डोकेबाज, दहावीत, म्हणजे शाळेतलं शेवटचं वर्ष. आणि सरांची एकुलती एक मुलगी.

दिशा सरस आहे हे सरांना ठाऊक होतं. फक्त, आपल्याला ते ठाऊक आहे हे त्यांनी स्वतःला कळू दिलं नव्हतं.

घरी बायकोचा सल्ला मागावा तर हेमाताई बँकेतून दमून आलेल्या. भाजी निवडता निवडता त्यांनी निकाल दिला, "मुलगी आहे म्हणून घेऊ नका. पण मुलगी आहे म्हणून काढूही नका." निकाल अगदी न्यायाचा होता आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

तेव्हा मंगळवारी सर गावदेवीला गेले. दोन टॉवरच्या मधल्या बोळात देवीचं बुटकं देऊळ. टॉवर उभे आहेत तिथे पूर्वी भिवाआजोबांची भातशेती होती. आता आजोबा चौथ्या मजल्यावर राहतात, पण पूजेला लिफ्टनं का होईना, रोज खाली उतरतात. गावात कुठलीही अडचण आली की ते देवीला कौल लावतात: दोन फुलं ओली करून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायची, प्रश्न विचारायचा. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा इथपासून नव्या गाडीचा रंग कोणता इथपर्यंत देवीनं सगळं निस्तरलं होतं. कबड्डीचा संघ मात्र तिच्याकडे पहिल्यांदाच येत होता.

सरांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. दोन्ही मुलींची नावं सांगितली, कोपरा समजावला, दहावीचं वर्षही ओझरतं सांगून घेतलं, आणि शेवटी विचारलं, ऋजुताला घेऊ का? प्रश्न पुरता संपलाही नव्हता, तोच उजवं फूल खाली आलं.

"घे," भिवाआजोबा म्हणाले, आणि ते फूल उचलून त्यांनी सरांच्या ओंजळीत ठेवलं.

सर पेढे घेऊनच घरी आले. हेमाताईंनी सुस्कारा टाकला, ऋजुतानं बाबाला मिठी मारली आणि त्याच पावली पाठीमागच्या खोलीत जाऊन उशीचा घोटा धरून पाहिला.

बुधवारी सर सरावाला आले ते दिशाची समजूत काढायची तयारी करून. दोन सुभाषितं पाठ केली होती. पण दिशा रुसलेली वगैरे काही नव्हती. रेषेबाहेर मांडी घालून बसली होती आणि आत चांगली पकड झाली की टाळ्या वाजवत होती. सरांनी जवळ जाऊन पहिलं सुभाषित सुरू केलं.

"असू दे सर," ती म्हणाली. "आजोबा बोलले, देवीनं सांगितलंय तं वाईट वाटून घ्यायचं नाय."

"कोण आजोबा?"

"भिवाआजोबा. देवळातले."

सरांचं दुसरं सुभाषित घशातच राहिलं. अर्ध्या गावाचं आडनाव एक, त्यामुळे दिशा त्यांची नात असेल हे सरांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे म्हाताऱ्यानं दोन्ही नावं ऐकली. आपल्याच नातीचं नाव ऐकून, आपल्याच हातानं फुलं ओली केली. उजवं फूल पडू नये म्हणून त्यावर अंगठा जरा जास्त दाबला असता तर देवीशिवाय कुणाला कळणार होतं? पण दाबला नाही. उलट घरी जाऊन पोरीची समजूत घातली. आणि आपण, गणिताचे मास्तर, उत्तर हवं तसा प्रश्न मांडून आलो.

तेवढ्यात आत ऋजुताच्या हातातून एक घोटा निसटला. मग आणखी एक. सरांचे ओठ हलले नाहीत. त्यांनी शिट्टी वाजवली, कपाळाला न लावताच, तेव्हाच मुलींना कळलं की काहीतरी गंभीर आहे.

"ऐका," सर म्हणाले. "देवीचं काही चुकलेलं नाही. मी तिला विचारलं, ऋजुताला घेऊ का. दिशाला घेऊ का, हे विचारलंच नाही. कारण त्याचं उत्तर मला आधीच माहीत होतं. डावा कोपरा दिशा."

ऋजुतानं गुडघ्याची पट्टी काढली, घडी केली आणि रेषेबाहेर जाऊन बसली.

सर सरळ देवळात गेले. वाटेत नारळ आणि खण घेतला होता. देवीची ओटी भरली, नाक घासून माफी मागितली आणि भिवाआजोबांना म्हणाले, पुन्हा एकदा फुलं लावा, देवी रागावली का ते विचारायचंय.

"माझ्या नातीसाठी कौल मोडला का रं तू?"

"नातीसाठी नाही. कोपऱ्यासाठी."

आजोबांनी हातातली फुलं परत तबकात ठेवली. "मंग फुलं नाय लावायचा मी. रुसली असंल तं रुसू दे. घरात बायको रुसली तं फुलं लावून इचारतो का तिला?"

"घरी विचारावं लागत नाही, आजोबा. चहाच्या कपाच्या आवाजावरून कळतं."

"मंग आधी तिथं जा," आजोबा म्हणाले. "हिचं मी बघतो."

घरी कपाचा आवाज आलाच नाही, कारण चहाच केला नव्हता. हेमाताई वर्तमानपत्र उलटं धरल्यासारख्या बसल्या होत्या. मुलगी आहे म्हणून काढू नका असं मी सांगितलं होतं, एवढं त्या बोलल्या आणि पान उलटलं. मुलगी आहे म्हणून नाही काढली, असं सर म्हणाले. त्यावर हेमाताईंनी आणखी एक पान उलटलं, पण हळू.

ऋजुताच्या खोलीचं दार किलकिलं होतं. सर बाहेरच उभे राहिले. आत जावं की परत फिरावं, हे विचारायला या वेळी कुणी नव्हतं. शेवटी आतूनच आवाज आला.

"बाबा, ती दिशा बोनसच्या रेषेवर पाय टाकणारीवर घाईनं झेप घेते. ठाण्याच्या मुली बरोबर तिथेच फसवतात. एक श्वास थांबून धर म्हणावं."

"तूच सांग की तिला. सकाळी सरावाला."

"मी तिच्याशी बोलत नाहीये."

"बरं. मग मी सांगतो."

"तुझ्याशीपण नाही," ऋजुता म्हणाली, आणि दार लोटून घेतलं. पण कडी लावली नाही.