मास्तरांची टाच

पोहणेमास्तरांची टाच चिघळली, तेव्हा सिस्टर घरोघरी जाऊन मलमपट्टी करण्याच्या कामावर नुकतीच रुजू झाली होती. त्याआधीची सगळी वर्षं तिने हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात काढली होती. पाठीने दगा दिला म्हणून तिने स्वतःच बदली मागून घेतली, तरी आपण एक पायरी खाली उतरलो ही सल जात नव्हती. तू नसतानाही हॉस्पिटल चालतंय हे तुला खुपतंय, असं नवरा म्हणायचा. ते खरं होतं, म्हणूनच तिला जास्त राग यायचा.

मास्तरांनी अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं होतं. आता मधुमेहाने त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं होतं, पाय स्टुलावर. थोरली बहीण, अक्का, शेजारी विणत बसायच्या आणि सिस्टर आली की आधी ‘बस गं’ म्हणायच्या. सिस्टर पट्टी सोडू लागली की मास्तर डोळे मिटायचे आणि तलावाविषयी बोलत राहायचे: सकाळचं थंड पाणी, तळाशी हलणारी उन्हाची जाळी. ऐकता ऐकता सिस्टरला वाटायचं, खोलीत हळूहळू पाणी चढतंय. आधी स्टूल, मग टेबल, मग अक्कांचा लोकरीचा गुंडा अलगद तरंगू लागलाय. हात मात्र आपलं काम बिनचूक करत असायचे. अतिदक्षता विभागात तिच्याशी असं कुणी बोललंच नव्हतं. तिथली बहुतेक माणसं बेशुद्ध असायची.

मध्येच जखमेची कड काळी पडली. अक्कांनी चहाडी केली: हा चोरून तलावावर चालत जातो, लहानपणापासून असाच आहे. सिस्टरने पट्टी बांधून पूर्ण केली आणि मग शांतपणे म्हणाली, "मास्तर, पाय गेला तर काठावर बसायलासुद्धा तुम्हाला कुणालातरी उचलून न्यावं लागेल."

त्यानंतर मास्तर खुर्चीतून हलले नाहीत.

जखम भरत आली ती अगदी सावकाश, जणू कुणी आतून विणत होतं. शेवटची खपली पडली त्याच आठवड्यात हॉस्पिटलमधून फोन आला. जुन्या विभागात मुख्य परिचारिकेची जागा रिकामी झाली होती आणि तिथे ती हवी होती. याच फोनची तर ती वाट बघत होती. तरी तिने विचार करायला वेळ मागितला आणि स्वतःचंच नवल करत राहिली.

डॉक्टरांनी परवानगी दिली, त्या दिवशी मास्तरांनी तिलाही तलावावर बोलावलं. काठावर लंगडत आलेला म्हातारा पाण्यात शिरला आणि त्याचं वय जणू काठावरच राहिलं. सिस्टरला पोहता येत नव्हतं. मास्तरांनी तिच्या पाठीखाली तळवा धरला. "अंग सोडा. पाण्याला धरून ठेवायचं नसतं."

कान पाण्याखाली गेले, तसे सगळे आवाज विरले. वर्षानुवर्षं दुखणारी पाठ कुठे आहे तेच तिला कळेना. ती हलकेच वाहत राहिली आणि तिला पट्टी करायला जायची ती घरं दिसत गेली, एकाला लागून एक, सगळ्यांची दारं उघडी. मास्तरांचा हात कधी निघाला, तेही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने फोन करून नकार कळवला. नवऱ्याने कारण विचारलं, तर तिला नीट सांगता येईना. "तिथे मला कुणी ‘बस गं’ म्हणत नाही," ती म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून नव्या पत्त्यावर निघाली.